शंखी गोगलगायीचा डीएनए आणि पुण्याची सामायिक प्रयोगशाळा : कामाच्या नोंदी (जून ते नोव्हेंबर २०२४)

मी लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. कॉलेजात मायक्रोस्कोप आहेत, एक सेंट्रिफ्यूज आहे आणि दार नीट न लागणारा फ्रीज आहे. पीसीआर मशीन, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारं यंत्र, नाही. ४०,००० रुपयांचा छोटा प्रकल्प मंजूर झाला आणि काम पुण्याच्या एका सामायिक प्रयोगशाळेत जाऊन करायचं ठरलं. तिथे बाहेरच्यांना पैसे भरून बेंच आणि यंत्रं वापरता येतात. आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजातून कुणी असं काही करायला निघालं, तर निदान माझ्या चुका तरी त्यांनी पुन्हा करू नयेत, म्हणून या नोंदी जशा लिहिल्या तशाच ठेवते आहे.

२४ जून

प्रश्न शेतातून आला. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव या पट्ट्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं उगवता उगवता फस्त केली, तेव्हापासून दर पावसाळ्याला तीच धास्ती असते. यंदा पहिल्या पावसानंतर तात्यांच्या शेतात गेले. बांधालगत पाचटाखाली तळहाताएवढ्या मोठ्या शंखी होत्या आणि त्यांच्यातच हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या बारक्या. तात्या म्हणाले, "मॅडम, ह्या बारक्या येगळ्या हायेत बगा. मोठीची पिल्लं न्हाईत ही. ह्यांची चाल येगळी."

वरवर पाहता मला त्या मोठीचीच पिल्लं वाटल्या. पण ८ ते १५ मिलिमीटरच्या शंखावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. प्रकल्पाचा प्रश्न एवढाच : बारक्या कुणाच्या?

३० गोगलगायी गोळा केल्या. हातमोजे घालून, कारण या जातीत उंदरांच्या फुफ्फुसात राहणाऱ्या एका गोलकृमीची पिलावळ असू शकते आणि ती माणसाच्या मेंदूपर्यंत पोचते. तात्या गेली दोन वर्षं उघड्या हाताने वेचून पोत्यात भरताहेत. त्यांना साबणाने हात धुवायला सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि हात धोतराला पुसले.

कॉलेजात आल्यावर सगळ्या गोगलगायी फॉर्मालिनमध्ये टाकल्या. वीस वर्षांची सवय. म्युझियमच्या बरण्या अशाच भरल्या आहेत आपण.

३ जुलै

आय-स्टेम पोर्टलवर यंत्रं शोधली. देशभरातल्या संस्थांतली, बाहेरच्यांना वापरता येणारी यंत्रं तिथे एकत्र सापडतात. २०२० च्या जानेवारीत सुरू झालेलं हे पोर्टल मला यंदा कळलं. पुण्यातल्या तीन ठिकाणी फोन केले. एकीकडे कुणी उचलला नाही. दुसरीकडे "ई-मेल करा" म्हणाले. तिसरीकडे टेक्निशियन ताई फोनवर आल्या आणि त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, "मॅडम, सँपल कशात ठेवलंय?"

"फॉर्मालिनमध्ये."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "ते राहू द्या. नवीन आणा."

फॉर्मालिन प्रथिनं आणि डीएनए एकमेकांत गुंतवून टाकतं, डीएनएचे तुकडेही पडतात. त्यातून काही काढायचं म्हटलं तर काढता येतं, पण ते आमच्यासारख्यांचं काम नाही. ३० गोगलगायी म्युझियमच्या कपाटात गेल्या. तीन आठवडे गेले असते, तो फोन केला म्हणून दहा दिवसांवर भागलं.

१० जुलै

अल्कोहोल. शुद्ध अल्कोहोल घ्यायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो आणि आमच्या कॉलेजच्या परवान्याचं नूतनीकरण राहिलेलं. शेवटी शेजारच्या फार्मसी कॉलेजकडून एक लिटर उसनं आणलं, लेखी पावती देऊन. हे आधी करायचं काम आहे. गोगलगायी पावसाबरोबर येतात, परवाना पावसाबरोबर येत नाही.

पुन्हा शेतात. तात्यांनी गुळाचं पाणी शिंपडलेली पोती बांधावर टाकून ठेवली होती, पहाटे पोतं उलटलं की खाली गोगलगायींचा सडा. २४ बारक्या घेतल्या, प्रत्येक अख्खीच्या अख्खी अल्कोहोलच्या ट्यूबमध्ये. ट्यूबवर मार्करने नंबर. सुबक काम झालं असं तेव्हा वाटलं होतं.

१९ जुलै

कागदपत्रांत आठ दिवस. नोंदणीचा फॉर्म, प्राचार्यांचं पत्र, सँपलमध्ये रोगजंतू नसल्याचं हमीपत्र, कामाचा आराखडा. दरांचे तीन गट आहेत : संस्थेतले, बाहेरच्या शैक्षणिक संस्था आणि कंपन्या. आपण मधले. पैसे आगाऊ भरायचे, आणि इथे आमच्या अकाउंट विभागाने पाय रोवले. "काम झाल्यावर बिल आणा, मग चेक." प्रयोगशाळा म्हणते, आधी पैसे, मग स्लॉट. शेवटी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे कामाआधीच दिलेलं बिल, मागवला आणि त्यावर प्राचार्यांची सही घेतली, तेव्हा पैसे गेले. हा शब्द लक्षात ठेवा, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस. आमच्या क्लार्कसाहेबांना तो कागद दिसला आणि त्यांचा चेहराच बदलला.

नोंदणी १,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी.

२ ऑगस्ट

प्रायमर आले, म्हणजे पीसीआरमध्ये डीएनएची प्रत कुठून काढायची ते ठरवणारे डीएनएचे आखूड तुकडे. १९९४ सालापासून सगळे वापरतात तीच जोडी, एलसीओ १४९० आणि एचसीओ २१९८. मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा साधारण ७०० अक्षरांचा तुकडा त्यांनी वाढवता येतो, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती निघतात; त्यावरून प्राण्याची जात ओळखतात. पहिला प्रायमर २५ अक्षरांचा, दुसरा २६ चा, दर अक्षरागणिक. कुरियर धरून १,२०० रुपये.

ट्यूब रिकामी दिसते. प्रायमर वाळून तळाशी पातळ पापुद्र्यासारखा बसलेला असतो, म्हणून उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, नाहीतर झाकणाबरोबर उडून जातो. हे मला माहीत होतं आणि मी ते केलं. या नोंदींत स्वतःची पाठ थोपटण्याची जागा एवढीच.

लेबलवर लिहिलं होतं २७.४ नॅनोमोल. मी २७.४ मायक्रोलिटर पाणी घातलं.

६ ऑगस्ट, पुणे

रात्रीच्या गाडीने मी आणि आमचा टी.वाय.चा एक मुलगा. थर्मोकोलच्या डब्यात ट्यूबा आणि बर्फाचे पॅक. अल्कोहोलमधल्या सँपलला प्रवासात बर्फाची गरज नसते, हे पुण्यात पोचल्यावर कळलं. पॅकमधलं पाणी सुटलं, ट्यूबांची झाकणं जरा सैल होती, अल्कोहोल पाझरलं आणि मार्करचे नंबर पुसले गेले. पाच ट्यूबा बेवारस. ताईंनी न बोलता टेबलाच्या खणातून एक शिसपेन्सिल काढून माझ्यासमोर ठेवली. कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलीने नंबर लिहायचा आणि चिटोरा ट्यूबच्या आत टाकायचा. अल्कोहोलने शाई विरघळते, शिसं विरघळत नाही.

मग ट्यूबा उघडल्या. वास! मुलगा खोकत बाहेर पळाला. अल्कोहोलमध्ये टाकल्याबरोबर गोगलगाय अंग शंखात खोल ओढून घेते आणि तोंडाशी शेंबडाचा बूच बसतो. अल्कोहोल बाहेरच राहतं आणि आत मांस नासतं. चार आठवडे माझी २४ सँपलं अल्कोहोलात बुडवून सडत होती.

तरी स्लॉटचे पैसे भरलेले, म्हणून जे बरं दिसलं त्यातून पायाचा तुकडा कापून, प्रथिनं पचवणारं प्रोटिनेज के हे एन्झाइम घालून ५६ अंशावर रात्रभर ठेवला.

७ ऑगस्ट

डीएनए वेगळा काढायला तयार किटचे कॉलम (गाळणीसारखी जाळी असलेल्या छोट्या नळ्या) वापरले, सँपलमागे १८० रुपये. द्रव कॉलममधून खाली उतरेच ना. गोगलगायीचा बुळबुळीतपणा म्हणजे शर्करायुक्त लांब साखळ्या. त्या डीएनएबरोबरच विरघळतात, डीएनएबरोबरच खाली बसतात आणि कॉलमची जाळी बुजवून टाकतात. दोनदा फिरवून कसंबसं उतरवलं.

नॅनोड्रॉपवर, म्हणजे प्रकाश किती शोषला जातो त्यावरून डीएनए मोजणाऱ्या यंत्रावर, आकडे पाहून मी खूश : मायक्रोलिटरला २०० नॅनोग्राम, काही ठिकाणी ३००. मुलाने मोबाईलवर फोटो काढला. ताई मागून म्हणाल्या, "शेवटचा आकडा बघा." २६० आणि २८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या शोषणाचं, म्हणजे २६०/२८० चं गुणोत्तर १.८ च्या आसपास, म्हणजे ठीक. पण २६०/२३० चं ०.६. ते २ च्या आसपास हवं. म्हणजे डीएनएबरोबर नको ते पुष्कळ आलंय. एकूण आकडाही फुगलेला असणार, कारण नॅनोड्रॉप २६० च्या तरंगलांबीला जे जे प्रकाश शोषतं ते सगळं डीएनए म्हणून मोजतो. नवख्या माणसाने इथे पहिला आकडा झाकून ठेवावा आणि शेवटचा आधी वाचावा.

संध्याकाळी पहिला पीसीआर. त्यातलं द्रव जेलच्या खान्यांत भरून वीज सोडली की डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होऊन पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये, दिसतात. जेलवर आमच्या सँपलच्या खान्यात काही नाही. ताईंनी त्यांच्याकडचा एक चांगला डीएनए तुलनेसाठी दिला होता, त्याचा बँड अंधुक. आणि सगळ्या खान्यांच्या तळाशी, १०० अक्षरांच्या खाली, लख्ख पण पसरट पट्टा. ताईंनी विचारलं, "प्रायमर किती पाण्यात केलात?"

नॅनोमोलचा आकडा दहाने गुणायचा आणि तेवढे मायक्रोलिटर पाणी घालायचं, तेव्हा १०० मायक्रोमोलरचा साठा होतो. म्हणजे २७४. मी दहापट तीव्र प्रायमर घातले होते, ते एकमेकांनाच चिकटून बसले. स्टॉकमधले १० मायक्रोलिटर आधीच काढलेले, उरलेल्या १७.४ मध्ये १५६.६ घातले. दुसऱ्या प्रायमरचं गणित वेगळं, तेही तिथेच उभ्या उभ्या केलं.

८ ऑगस्ट

दुसरा पीसीआर, दुरुस्त प्रायमर. ताईंच्या डीएनएचा बँड आता झगझगीत. आमची २४ खानी काळी.

आता दोष कुणाचा? डीएनए नाहीच, की आहे पण काहीतरी अडवतंय? ताईंनी एक साधी युक्ती सांगितली : त्यांच्या चांगल्या डीएनएच्या ट्यूबमध्ये आमच्या सँपलचा एक मायक्रोलिटर टाकून चालवा. तिसऱ्या पीसीआरमध्ये तसं केलं. चांगल्या डीएनएचाही बँड गायब! आमचं सँपल प्रती काढणाऱ्या एन्झाइमचा गळाच धरत होतं. शिवाय मी डीएनए शेवटी टीई बफरमध्ये (डीएनए साठवायचं नेहमीचं द्रावण) घेतला होता. त्यातलं ईडीटीए मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि मॅग्नेशियमशिवाय टॅक पॉलिमरेज, म्हणजे तेच एन्झाइम, चालत नाही. पुढच्या वेळी साध्या ट्रिस बफरमध्ये किंवा पाण्यात घ्यायचं.

स्लॉट संपला. तीन दिवसांचं बेंच, किट, तीन पीसीआर, तीन जेल आणि कर मिळून ९,३४६ रुपये. हाती शून्य. परतीच्या गाडीत मुलगा म्हणाला, "मॅडम, निदान आपण काय करू नये ते कळलं." मी त्याला झोपायला सांगितलं.

२२ ऑगस्ट

तिसऱ्यांदा शेतात. पाऊस चांगला होता, गोगलगायीही भरपूर. या वेळची पद्धत सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं इथेच ठरलं.

पाणी उकळून गार केलं, म्हणजे त्यातली हवा निघून जाते. बाटली काठोकाठ भरून गोगलगायी आत, झाकण घट्ट, रात्रभर. सकाळी त्या बाहेर लांब ताणलेल्या अवस्थेत मेलेल्या असतात, अंग चोरत नाहीत. मग ब्लेडने पायाच्या टोकाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापला, टिश्यू पेपरवर फिरवून बुळबुळीतपणा शक्य तेवढा पुसला आणि ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाकला. तुकड्याच्या दहापट तरी अल्कोहोल. मांसातच इतकं पाणी असतं की पहिलं अल्कोहोल पातळ होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी बदललं. पेन्सिलीचे चिटोरे आत. शंख धुऊन, वाळवून, त्याच नंबराने डबीत ठेवले. शंख हरवला तर नंतर तो डीएनए कुणाचा हे सांगायला काही उरत नाही.

१६ बारक्या, ४ मोठ्या. मोठ्या यासाठी की त्यांची ओळख डोळ्यांनीच पक्की आहे, त्यांचा निकाल बरोबर आला तर पद्धत बरोबर.

घरच्यांना पाणी उकळायचं कारण सांगितलं नाही. पातेलं नवीन आणलं आहे.

१८ सप्टेंबर, पुणे

१८ ते २१ असे चार दिवस एका फटक्यात मिळाले तेव्हाच शंका यायला हवी होती. १७ ला अनंत चतुर्दशी. पहाटे स्वारगेटला उतरलो तर मिरवणूक चालूच. रस्ते बंद, रिक्षा नाही, प्रयोगशाळा नदीपलीकडे. मुलाने थर्मोकोलचा डबा डोक्यावर घेतला आणि ढोलाच्या आवाजात आम्ही चालत निघालो. एका पथकातल्या पोराला वाटलं, डब्यात प्रसाद आहे. अकराला पोचलो, म्हणजे अर्धा दिवस गेला. चार दिवसांचे पैसे मात्र पूर्ण.

या वेळी किट नाही. ताईंच्या सांगण्यावरून सीटॅब या साबणासारख्या रसायनाची जुनी पद्धत, जी वनस्पतीवाले पानांसाठी वापरतात. सीटॅब जास्त मिठाच्या द्रावणात असताना शर्करेच्या साखळ्या धरून ठेवतं आणि डीएनए मोकळा राहतो. प्रोटिनेज के घालून ६० अंशावर रात्रभर. २० नवीन सँपलं आणि जुन्या सडलेल्यातली त्यातल्या त्यात बरी चार, उगाच नशीब पाहावं म्हणून.

१९ सप्टेंबर

क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल, २४ ला १, दोनदा. पहिल्या फेरीनंतर ट्यूबमध्ये तीन थर दिसतात : खाली क्लोरोफॉर्म, मध्ये पांढरी साय आणि वर पाणी. डीएनए वरच्या थरात. पिपेटची टिप सायीला लागली की संपलं, म्हणून वरचं सगळं घ्यायचा मोह आवरायचा आणि थोडं सोडून द्यायचं. पहिल्या चार ट्यूबांत मी हावरटपणा केला, पुन्हा फिरवाव्या लागल्या. मुलाचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे असं लक्षात आल्यावर उरलेल्या वीस त्याच्याकडे दिल्या.

आयसोप्रोपॅनॉल घालून ट्यूब उलटी-सुलटी केली आणि एकदम पांढरा धागा गोळा झाला. पाठ्यपुस्तकात वर्षानुवर्षं शिकवलेली गोष्ट मी पहिल्यांदा स्वतःच्या हातात पाहिली. वय वर्षे ४४.

२६०/२३० आता १.७ ते २. आकडे कमी : ४० ते ९० नॅनोग्राम. ताई म्हणाल्या, "हे खरे आकडे."

संध्याकाळी पीसीआर : ४८ अंशावर प्रायमर चिकटवणं, ३५ फेऱ्या. जेलवर ७०० च्या रेषेत बँडच बँड. मुलाने आनंदाने टेबलावर हात आपटला. मग ताईंनी शेवटच्या खान्यावर बोट ठेवलं. त्या ट्यूबमध्ये डीएनए घातलाच नव्हता, नुसतं पाणी. तिथेही बँड.

म्हणजे सगळे बँड संशयित. काहीतरी आधीच मिसळलेलं होतं. उलटतपासणी झाली तेव्हा कळलं की जेलच्या टेबलावरची पिपेट मी पीसीआरच्या हूडमध्ये (मिश्रण करायच्या स्वच्छ, बंदिस्त कपाटात) नेली होती, "जरा बरी चालते" म्हणून. जेलच्या टेबलावर वाढवलेल्या डीएनएचे कोट्यवधी तुकडे सांडलेले असतात. दोन खोल्यांमध्ये दार असतं ते उगाच नसतं.

२० सप्टेंबर

पाणी, बफर, प्रायमर सगळ्याच्या नव्या ट्यूबा. फिल्टरच्या टिप. हूड ब्लीचने पुसून, वीस मिनिटं अतिनील दिवा. दुसरा पीसीआर : पाण्याचं खानं काळंभोर. इतकं सुंदर काळं खानं मी पाहिलं नव्हतं. २४ पैकी ११ ला बँड.

उरलेल्या १३ ना २० पट पातळ केलं आणि मिश्रणात बीएसए घातलं. बीएसए हे गाईच्या रक्तातलं प्रथिन, ते अडवणारी घाण स्वतःला चिकटवून घेतं. आणखी ८ आले. एकूण १९. कमी डीएनए घातल्यावर जास्त बँड येतो हे मुलाला पटत नव्हतं, त्याला म्हटलं डीएनएबरोबर घाणही वीसपट कमी झाली ना.

२१ सप्टेंबर

राहिलेल्या ५ वर चौथा पीसीआर. काही नाही. सोडून दिले. या खेपेचे ७,३६३ रुपये.

१९ च्या १९ सीक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरं ओळीने वाचायला, द्यायच्या तयारीत होते. ताई म्हणाल्या, "आधी आठच द्या. मशीनमध्ये एका वेळी आठ नळ्या चालतात आणि काही चुकलं असेल तर आठातच कळेल." ऐकलं. त्यांचं न ऐकण्याची ऐपत तोपर्यंत संपली होती.

४ ऑक्टोबर

आठ फाइली ई-मेलने आल्या. चांगल्या आलेखात एकामागून एक स्वच्छ डोंगर दिसतात, चार रंगांत, दर अक्षराला एक. आमच्यात पहिल्या अक्षरापासून डोंगरावर डोंगर, चारही रंग एकमेकांत. पोरांनी खडू घासावेत तसं. आठही तसेच.

मी ताईंना फोन करून जरा तडकूनच विचारलं. त्यांनी माझाच फॉर्म वाचून दाखवला. "प्रायमर" या रकान्यात मी "दोन्ही" लिहिलं होतं आणि ट्यूबमध्येही दोन्ही मिसळून दिले होते. पीसीआरला दोन्ही लागतात म्हणून इथेही लागतील असं गृहीत धरलं. सीक्वेन्सिंगला एका ट्यूबमध्ये एकच प्रायमर लागतो. दोन घातले की दोन्ही टोकांकडून वाचन सुरू होतं आणि एकावर एक छापलं जातं. फॉर्म पोचल्यावर तिथे कुणीतरी विचारायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं. पण चूक माझी. ४,२४८ रुपये.

फोन ठेवताना सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, "आठवड्यातून एक तरी असा येतो, मॅडम."

२३ ऑक्टोबर

१९ सँपलं, फक्त एलसीओ प्रायमर, १०,०८९ रुपये. १६ आलेख चांगले, ३ वाया. सुरुवातीची तीसेक अक्षरं आणि शेपूट अस्पष्ट असतात, ती कापली.

ब्लास्टवर टाकले, म्हणजे डेटाबेसमध्ये नोंदलेल्या क्रमांशी जुळवून पाहिले. ४ मोठ्या : चारही आफ्रिकन गोगलगाय, लिसाचॅटिना फुलिका. पद्धत बरोबर. मग बारक्या १२. त्यातल्या ९ त्याच, म्हणजे मोठीचीच पिल्लं. एक, नंबर ७, चक्क जिवाणू निघाला. नंबर ७ जुन्या सडलेल्या चारांतला. मांस जिवाणूंनी खाल्लेलं, प्रायमरला गोगलगायीऐवजी तेच सापडले. जुलैतली चूक ऑक्टोबरमध्ये नाव घेऊन समोर आली.

उरलेल्या दोन मात्र जुळेनात. सगळ्यात जवळचं साम्य ८८ टक्के. एका जातीची म्हणायला ते पुष्कळ कमी. दोन्ही एरिओफँटिडी कुळातल्या, इकडच्या देशी गोगलगायींचं कुळ. पुढचं नाव द्यायला डेटाबेसमध्ये जवळचं काही नाही, म्हणून मी कुळावरच थांबले आहे.

एक अर्धा दिवस इथेही गेला. या दोन क्रमांचं प्रथिनात भाषांतर केलं तर मध्येच थांबायचे संकेत. म्हणजे हे खरं जनुक नाही, केंद्रकातली मेलेली नक्कल असावी असं समजून मी त्या दोघी जवळजवळ टाकूनच दिल्या होत्या. मग लक्षात आलं, सॉफ्टवेअरमध्ये नेहमीची सांकेतिक सारणी (कोणत्या तीन अक्षरांचा अर्थ काय ते सांगणारी) निवडलेली आहे. अपृष्ठवंशी प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए म्हणजे थांबा नव्हे, तिथे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल येतं. सारणी क्रमांक ५ निवडली, सगळं सरळ.

डबीतून त्या दोघींचे शंख काढून भिंगाखाली ठेवले. चपटे, पातळ, चकचकीत, मधाच्या रंगाचे. बाकीच्या नऊ उंच आणि टोकदार. आता दिसतंय.

३० ऑक्टोबर

अनुदान कशावर खर्च झालं ते दाखवणाऱ्या वापर प्रमाणपत्रासाठी हिशेब. नोंदणी १,१८०, प्रायमर १,२००, पहिली खेप ९,३४६, दुसरी ७,३६३, सीक्वेन्सिंग १४,३३७, दोघांचा दोन वेळचा प्रवास आणि राहणं ७,४००. एकूण ४०,८२६. वरचे ८२६ माझे. यात निव्वळ चुकांचे १३,५९४, पहिल्या खेपेचा प्रवास सोडून. अकाउंट विभागाने विचारलं, आठ सँपलचं सीक्वेन्सिंग दोनदा कसं? "पुनर्तपासणी" असं लिहिलं.

९ नोव्हेंबर

दिवाळीनंतर तात्यांकडे. सोयाबीन निघालेलं, खळ्यावर ढीग. शंखांची डबी घेऊन गेले, नऊ एकीकडे, दोन दुसरीकडे मांडून दाखवले. म्हटलं, तात्या, बहुतेक बारक्या मोठीचीच पिल्लं आहेत, पण या दोन खरंच वेगळ्या, आपल्याकडच्याच. तुमचं थोडं बरोबर होतं.

"थोडं?" म्हणाले. दोन्हींतला एक चपटा शंख उचलून त्यांनी नखावर ठेवला. "ह्या रोप न्हाई खात. ह्या पाचटातच ऱ्हातात. म्या बगितलंय." मग मोठ्या शंखाकडे बोट करून, "ही आली कुठनं?"

आफ्रिकेतून, म्हटलं. १८४७ मध्ये एका साहेबाने कलकत्त्याच्या बागेत सोडली होती, तिथून पसरली.

"कलकत्त्याला सोडली, आन् खाती आमची सोयाबीन."

चपट्या शंखाची गोगलगाय रोप खात नाही हे तात्यांनी पाहिलंय, मी पाहिलेलं नाही. पुढच्या जूनमध्ये दोन्ही प्रकारच्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवून सोयाबीनची रोपं घालून बघायचं ठरलं. त्याला पीसीआर लागत नाही. डबे तात्या देणार आहेत. परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मी आजच टाकला.